पांढऱ्या पाटीचं विमान

एसटी स्टँडच्या गेटपासून शंभर पावलांवर एक जीप उभी असते. नंबर प्लेट पांढरी, म्हणजे गाडी खाजगी. पण ड्रायव्हर मात्र "चला कराड, कराड, एक सीट, एक सीट" म्हणून घसा फोडत असतो. आपल्याकडे याला वडाप म्हणतात. पिवळ्या पाटीच्या गाडीला परमिट लागतं, फिटनेसचं पासिंग लागतं, ड्रायव्हरला बॅज लागतो. पांढऱ्या पाटीला यातलं काही नाही. हे बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. तरी आपण बसतो, कारण पुढची एसटी दीड तासाने आहे आणि ड्रायव्हर माणूस बरा वाटतोय.

तर मंडळी, आजचा विषय आकाशातलं वडाप. आणि त्यातून जाणारे प्रवासी म्हणजे जगातले काही सगळ्यात महागडे खेळाडू.

एमिलियानो साला हे नाव फुटबॉलवाल्यांना आठवत असेल. (आडनावाला हसू नका, स्पॅनिशमध्ये 'साला' म्हणजे दिवाणखाना.) अर्जेंटिनातल्या सांता फे प्रांतातला, प्रोग्रेसो नावाच्या खेड्यात वाढलेला मुलगा. फ्रान्समधल्या नांत क्लबकडून खेळायचा. मेस्सीसारखी जादू वगैरे नव्हती त्याच्याकडे. धावायचा, झगडायचा, डोक्याने गोल मारायचा. जानेवारी २०१९ मध्ये वेल्समधल्या कार्डिफ सिटीने त्याला दीड कोटी पौंडांना विकत घेतलं. तेव्हाच्या दराने सव्वाशे-दीडशे कोटी रुपयांच्या घरात. कार्डिफने तोवर कुठल्याच खेळाडूसाठी एवढे पैसे मोजले नव्हते. १९ तारखेला, शनिवारी, घोषणा झाली. मंगळवारी सकाळी नव्या टीमबरोबर सराव होता. मधल्या वेळात तो नांतला परत गेला, जुन्या दोस्तांचा निरोप घ्यायला आणि सामान आवरायला.

नांत ते कार्डिफ थेट विमान नाही. पॅरिसहून किंवा दुसरीकडून वळसा घालून जायचं, म्हणजे अर्धा दिवस गेला. क्लबचं नंतरचं म्हणणं असं की आम्ही नेहमीच्या प्रवासी विमानाचं तिकीट काढून द्यायची तयारी दाखवली होती, त्याने नको म्हटलं. कारण सौदा जुळवणाऱ्या एजंट मंडळींनी छोट्या विमानाची सोय केलीच होती. विली मॅके या एजंटने डेव्हिड हेंडरसन नावाच्या माणसाला फोन केला. हेंडरसनचा धंदाच तो: कुणाचं तरी विमान, कुणीतरी पायलट आणि कुणाला तरी कुठे तरी पोचवायचंय, या तिघांची गाठ घालून देणं. हेंडरसन स्वतः त्या वीकेंडला बायकोबरोबर पॅरिसला जाणार होता, म्हणून त्याने डेव्हिड इबॉटसनला पाठवलं.

आता जरा गाडी आणि ड्रायव्हर दोघांचे कागद तपासू.

विमान पायपर मालिबू. एकच इंजिन, तेही पिस्टनचं, सहा सीटचं. बनावट १९८४ची, म्हणजे साला स्वतः त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. नंबर एन२६४डीबी. सुरुवातीचा 'एन' म्हणजे अमेरिकन नोंदणी. विमान राहायचं इंग्लंडमध्ये, वापरणारे लोक इंग्लंडमधले, पण कागदावर एका ट्रस्टमार्फत अमेरिकन. हे बेकायदेशीर नाही, बरेच लोक करतात. पण अशा विमानातून पैसे घेऊन प्रवासी न्यायचे तर त्यासाठी वेगळी परवानगी लागते. ती नव्हती.

पायलट ५९ वर्षांचा. पोटापाण्यासाठी गॅस हीटिंगची कामं करणारा आणि हौसेने विमान चालवणारा माणूस. त्याच्याकडे खाजगी पायलटचं लायसन्स होतं. कमर्शियल लायसन्सचा कोर्स त्याने सुरू केला होता, पूर्ण केला नव्हता. रात्री विमान चालवायचं रेटिंग नव्हतं. आणि या प्रकारचं, म्हणजे एक इंजिनवालं विमान चालवायचं जे रेटिंग होतं त्याची मुदत नोव्हेंबर २०१८ मध्ये, दोन महिने आधीच, संपली होती. एवढंच नाही. २०१८च्या उन्हाळ्यात याच विमानाने इबॉटसन प्रतिबंधित हवाई हद्दीत शिरला होता, त्याची तक्रार आली होती, आणि विमानाची व्यवस्था बघणाऱ्या बाईंनी हेंडरसनला स्पष्ट सांगितलं होतं की या माणसाला पुन्हा माझ्या विमानात बसवू नकोस. हेंडरसनने बसवलं.

आमच्या धंद्यातले लोक हे वाचून लगेच ओळखतील. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा प्रॉडक्शन सर्व्हरचा पासवर्ड कुणी बंदच केला नाही, अशातला हा प्रकार.

सोमवार, २१ जानेवारी. मूळ बेत सकाळी निघायचा होता. सालाला दोस्तांबरोबर दिवस घालवायचा होता म्हणून निघणं संध्याकाळी सातवर गेलं. हा बदल बघायला किती साधा आहे! पण जानेवारीत युरोपात संध्याकाळी सात म्हणजे काळोख. ज्या पायलटला रात्रीचं रेटिंग नाही त्याच्या हातात आता रात्रीचं उड्डाण आलं, तेही समुद्रावरून, ढगांच्या पट्ट्यांमधून. इबॉटसनलाही विमानाबद्दल खात्री वाटत नव्हती. आधीच्या फेरीत इंग्लिश खाडीवर असताना काहीतरी आवाज झाल्याचं त्याने एका मित्राला फोनवर सांगितलं होतं, आणि परतताना लाइफ जॅकेट घालूनच बसणार असंही. सालाने विमानातून मित्रांना व्हॉट्सॲपवर आवाजी मेसेज पाठवला. हे विमान तुटून पडेल असं वाटतंय, आपण घाबरलोय, असा त्याचा मतितार्थ.

सव्वासातला विमान निघालं. पाच हजार फुटांवरून ते उत्तरेला चाललं होतं. आठ वाजून गेल्यावर पायलटने जर्सी बेटाच्या कंट्रोलरकडे खाली उतरायची परवानगी मागितली, ढगांपासून दूर राहण्यासाठी. सव्वाआठच्या सुमारास गर्न्सी बेटाच्या वायव्येला रडारवरचा ठिपका नाहीसा झाला.

तीन दिवसांनी सरकारी शोध थांबला. मग लोकांनी इंटरनेटवर वर्गणी काढली, त्यात एम्बापेसारख्या खेळाडूंनीही पैसे टाकले, आणि त्या पैशातून डेव्हिड मर्न्स नावाच्या बुडालेली जहाजं शोधणाऱ्या माणसाने ३ फेब्रुवारीला विमान शोधून काढलं. ६८ मीटर खोल पाण्यात. सालाचा मृतदेह वर काढला. इबॉटसन कधीच सापडला नाही. विमान वर काढायचा प्रयत्न खराब हवेमुळे सोडून द्यावा लागला.

ब्रिटनच्या विमान अपघात तपास शाखेचा अहवाल मार्च २०२० मध्ये आला. माझ्या मते अशा प्रकारच्या दस्तऐवजांचा तो उत्तम नमुना आहे. आपल्याकडचे बग रिपोर्ट असे असते तर किती बरं झालं असतं! अहवाल सांगतो की ढगांपासून सुटण्यासाठी पायलटने बहुधा हाताने वळण घेतलं, त्यात ताबा गेला, वेग एवढा वाढला की विमानाचे भाग हवेतच तुटले, आणि ते ताशी सुमारे २७० मैलांनी पाण्यावर आदळलं. पण खरा धक्का पुढे आहे. सालाच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी ५८ टक्के हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं होतं. ५० टक्क्यांच्या वर माणूस दगावू शकतो.

हा वायू आला कुठून? पिस्टन इंजिनच्या लहान विमानांत हीटर बहुतेक वेळा अगदी साधा असतो. तापलेल्या एक्झॉस्ट पाइपभोवती पत्र्याचं आवरण असतं, त्या फटीतून बाहेरची हवा फिरवून गरम करायची आणि केबिनमध्ये सोडायची. पाइपला बारीकशी चीर गेली की गरम हवेबरोबर धूरही आत. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीने तो हिमोग्लोबिनला चिकटतो. गिझरमुळे बाथरूममध्ये माणसं दगावल्याच्या बातम्या आपण हिवाळ्यात वाचतो, तोच हा वायू. आधी डोकं दुखतं, मग सुस्ती, गोंधळ, मग शुद्ध हरपते. केबिन एकच, हवा एकच. सालाच्या रक्तात एवढा वायू होता म्हणजे पायलटही त्याच्या अमलाखाली असणार, असा तपासाचा निष्कर्ष. विमान वर काढता न आल्यामुळे गळती नेमकी कुठे होती ते मात्र कळलं नाही. मार्च २०२२ मध्ये चौकशी ज्यूरीने सांगितलं की आदळण्याच्या वेळी साला खोल बेशुद्धीत होता. हा त्यातल्या त्यात दिलासा म्हणायचा का, ते तुम्हीच ठरवा.

आणि पायलट गॅस हीटिंगवाला होता. कार्बन मोनॉक्साइडचा धोका काय असतो हे त्या विमानात बसणाऱ्या कुठल्याही माणसापेक्षा त्याला जास्त माहीत असणार. आवाज करून सावध करणारं छोटं यंत्र थोडक्या पैशात मिळतं. विमानात ते नव्हतं, कारण नियमाने ते बंधनकारक नव्हतं.

आता मागे जाऊ. कारण यातलं जवळपास सगळं आधी होऊन गेलं होतं.

३१ ऑगस्ट १९६९. रॉकी मार्सियानो, बॉक्सिंगचा हेवीवेट जगज्जेता, ४९ लढतींत ४९ विजय, एकही हार नाही. १९५६ मध्ये निवृत्त झालेला. दुसऱ्या दिवशी त्याचा ४६वा वाढदिवस. शिकागोहून आयोवा राज्यातल्या डे मॉइनला जायचं होतं आणि तो एका सेसना १७२ मध्ये बसला. सेसना १७२ म्हणजे फ्लाइंग क्लबमध्ये पोरं शिकतात ते चार सीटचं विमान. मार्सियानो पैशाच्या बाबतीत भलताच काटकसरी होता. तिकीट काढण्यापेक्षा कुणीतरी ओळखीचा खाजगी विमानवाला गाठून फुकट जाणं त्याला आवडायचं, असं त्याच्याबद्दल लिहून ठेवलंय. आणि जगज्जेता आपल्या विमानात बसतोय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? त्या रात्री जो पायलट होता त्याचा एकूण अनुभव २३१ तासांचा, त्यात रात्रीचे ३५. ढगात फक्त उपकरणांवर विमान चालवायचं रेटिंग नाही. हवा बिघडली, न्यूटन गावाजवळच्या छोट्या धावपट्टीवर उतरायचा प्रयत्न केला, आणि धावपट्टीच्या दोन मैल अलीकडे विमान झाडाला धडकलं. पायलटसह तिघेही गेले.

या 'रेटिंग नाही' प्रकाराकडे जरा थांबून बघायला हवं, कारण ऐकायला ते आरटीओच्या कटकटीसारखं वाटतं. तसं नाहीये. विमान चालवायच्या दोन पद्धती. एक, बाहेर बघून: क्षितिज दिसतंय, जमीन दिसतेय. दुसरी, बाहेर काही न बघता फक्त डॅशबोर्डवरच्या काट्यांवर विश्वास ठेवून. ढगात शिरलात की पहिली पद्धत संपली. आणि मग आपला कान आपल्याला फसवतो. कानाच्या आतल्या द्रवावर शरीराचा तोल चालतो, पण विमान हळूहळू एका अंगावर कलत गेलं तर त्या द्रवाला पत्ताच लागत नाही. पायलटला शपथेवर वाटतं की आपण सरळ चाललोय. प्रत्यक्षात विमान वळत वळत खाली चाललेलं असतं. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला होता. उपकरणांवर उडायचं शिक्षण नसलेल्या २० जणांना खोट्या ढगाच्या स्थितीत विमान चालवायला दिलं. वीसच्या वीस जणांचा ताबा गेला. सरासरी वेळ किती? १७८ सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाही. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा चहाचा कप खाली ठेवला होता.

ग्रॅहम हिलची गोष्ट आणखी वेगळी, कारण तिथे पायलट तो स्वतःच होता. फॉर्म्युला वनचा दोनदा विश्वविजेता (१९६२ आणि १९६८), मोनाकोची शर्यत पाचदा जिंकलेला, १९६६ची इंडियानापोलिस ५०० जिंकलेला. इंडियानापोलिसच्या बक्षिसाच्या पैशातूनच त्याने दोन इंजिनांचं पायपर अॅझ्टेक विमान घेतलं. ज्या काळात दरवर्षी ड्रायव्हर मरायचे त्या काळात हा माणूस सतरा-अठरा वर्षं शर्यती करून जिवंत राहिला आणि जुलै १९७५ मध्ये निवृत्त झाला. २९ नोव्हेंबर १९७५ला दक्षिण फ्रान्समधल्या पॉल रिकार्ड ट्रॅकवरून गाडीची चाचणी संपवून तो आपल्या टीमला घेऊन परत येत होता. लंडनच्या उत्तरेला दाट धुकं. एल्स्ट्री विमानतळावर उतरताना विमान आर्कलीच्या गोल्फ मैदानावर कोसळलं. सहाही जण गेले. त्यात २३ वर्षांचा टोनी ब्राइस होता, ज्याच्यात लोक पुढचा विश्वविजेता बघत होते.

मग तपासात कागद बाहेर आले. विमानाची अमेरिकन नोंदणी कधीच रद्द झालेली, म्हणजे कायद्याने ते कुठल्याच देशाचं नव्हतं. उपकरणांवर उडायच्या रेटिंगची मुदत संपलेली. परिणामी विमा लागू नाही. मेलेल्या सहकाऱ्यांच्या घरच्यांनी भरपाईसाठी दावा लावला, आणि हिलच्या बायकोला राहतं घर विकावं लागलं. तिचा मुलगा डेमन तेव्हा १५ वर्षांचा. पुढे तोही विश्वविजेता झाला, १९९६ मध्ये. पण त्याआधी त्याने लंडनमध्ये मोटरसायकलवर कुरिअरची कामंही केली.

मला यात हिलचा बेफिकीरपणा तर दिसतोच, पण दुसरंही दिसतं. ज्याने ताशी दोनशे मैलांनी ओल्या रस्त्यावर गाडी चालवली त्याला धुक्याचं काय वाटणार? धोका ओळखायची त्याची सगळी मोजपट्टी ट्रॅकवर तयार झालेली. ट्रॅकवर ती बरोबर होती. धुक्यात ती लागू पडत नाही. खेळाडूला वर पोचवणारे गुण आणि पायलटला म्हातारा होऊ देणारे गुण वेगळे आहेत, असं मला वाटतं. एकाला "होईल, करून दाखवतो" म्हणता आलं पाहिजे. दुसऱ्याला "आज नको, उद्या जाऊ" म्हणता आलं पाहिजे.

बेसबॉलमधला थर्मन मन्सन बघा. न्यूयॉर्क यांकीजचा कप्तान आणि कॅचर. घर ओहायोतल्या कँटनला, बायको-मुलं तिथे. सामना संपला की मुलांना भेटता यावं, यासाठी तो विमान शिकला. यात चुकीचं काय आहे? आपल्यापैकी किती जण शुक्रवारी रात्रीच्या बसने पुण्याहून सोलापूर-नांदेड गाठतात! पण लायसन्स काढून दोन वर्षंही झाली नसताना, १९७९च्या जुलैमध्ये, त्याने सेसना सायटेशन हे जेट घेतलं. २ ऑगस्टला अॅक्रन-कँटन विमानतळावर उतरायचा आणि लगेच उडायचा सराव करत असताना वेग कमी पडला, विमान धावपट्टीच्या अलीकडेच आदळलं आणि पेटलं. बरोबरचे दोघं वाचले. त्यांनी त्याला ओढून काढायचा प्रयत्न केला, जमलं नाही. वय ३२. दुसऱ्या दिवशीच्या सामन्यात यांकीजचे आठ खेळाडू मैदानात उतरले आणि कॅचरची जागा मोकळी ठेवली. प्रेक्षक आठ मिनिटं टाळ्या वाजवत होते. ६ ऑगस्टला सगळी टीम कँटनला अंत्यसंस्काराला जाऊन त्याच रात्री न्यूयॉर्कला परतून खेळली. मन्सनचा जिवलग मित्र बॉबी मर्सरने संघाच्या पाचही धावा मिळवून दिल्या. ५-४ने जिंकले.

त्याच यांकीजचा कोरी लायडल २००६च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या इन्स्ट्रक्टरसह मॅनहॅटनमध्ये एका इमारतीला धडकला. ईस्ट नदीवरच्या चिंचोळ्या हवाई पट्ट्यात यू-टर्न घ्यायला जागा पुरली नाही. २०१७ मध्ये रॉय हॅलडे. खेळत असेपर्यंत करारामुळे त्याला पायलट होता येत नव्हतं. २०१३ मध्ये निवृत्त झाल्यावर लायसन्स काढलं, आणि नवं कोरं दोन सीटचं विमान फ्लोरिडाजवळ समुद्राला लागून खालून उडवताना गेला. यादी वाढवायची तर बरीच वाढेल, पण तो उद्देश नाही.

क्रिकेटवाल्यांना हॅन्सी क्रोनिए आठवेल. मॅच फिक्सिंग आठवतं सगळ्यांना, मरण आठवत नाही. १ जून २००२. जोहान्सबर्गहून जॉर्जला घरी जायचं होतं, गारपिटीमुळे नेहमीचं विमान अडकलं. मग तो एका मालवाहू विमानात एकटाच प्रवासी म्हणून बसला. ढगांमुळे उतरता येईना, घिरट्या घालताना विमान औटेनिक्वा डोंगरावर आदळलं. दोन्ही पायलटही गेले. ते विमान लहान नव्हतं, पायलटही व्यावसायिक होते. पण आत शिरायची वाट बघा: "एसटी अडकलीय, जीप निघालीय, या बसा." तीच.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे पिवळी पाटी असली की झालं? नाही. कोबे ब्रायंटचं हेलिकॉप्टर रीतसर परवाना असलेल्या कंपनीचं होतं. पायलट अनुभवी, उपकरणांचं रेटिंग असलेला, कित्येक वर्षं कोबेला नेणारा. पण कंपनीला परवानगी फक्त बाहेर बघून उडायची. २६ जानेवारी २०२०च्या सकाळी लॉस एंजेलिसमध्ये एवढे खालचे ढग होते की पोलिसांनी स्वतःची हेलिकॉप्टरं जमिनीवर ठेवली होती. कॅलाबॅसासच्या टेकड्यांजवळ पायलट ढगात शिरला. कंट्रोलरला सांगितलं की आपण ४,००० फुटांवर चढतोय. त्या वेळी हेलिकॉप्टर डावीकडे वळत खाली चाललं होतं. कानातला द्रव! नऊ जण गेले, त्यात कोबेची १३ वर्षांची मुलगी. तपास मंडळाने २०२१ मध्ये म्हटलं की कोबेने घाई केल्याचा काही पुरावा नाही. दडपण पायलटने स्वतःवर स्वतःच घेतलं होतं.

हे मला सगळ्यात जास्त पटलं. मोठा क्लायंट समोर असताना "आज रिलीज होणार नाही" म्हणायला प्रोजेक्ट मॅनेजरची जीभ कशी अडखळते, ते आपण सगळे जाणतो. एअरलाइनचा पायलट आत कोण बसलंय ते बघतसुद्धा नाही. हवा वाईट असेल तर त्याच्या वतीने नाही म्हणायला डिस्पॅचर आहे, कंपनीचे नियम आहेत, दुसरा पायलट शेजारी आहे. प्रवासी चिडला तर चिडला. लहान विमानात हे सगळे लोक एकाच माणसात कोंबलेले असतात, आणि त्याचा आवडता खेळाडू मागच्या सीटवर घड्याळ बघत असतो. अमेरिकेत खाजगी आणि हौशी विमानांच्या वर्गात दर एक लाख उड्डाण-तासांमागे साधारण एक जीवघेणा अपघात होतो. एअरलाइनच्या तुलनेत हा आकडा कैक पटींनी मोठा आहे. याचा अर्थ प्रत्येक लहान विमान म्हणजे शवपेटी असा नाही. नीट शिकलेला, हवा बघून घरी बसणारा पायलट असतोच. फक्त प्रवाशाला तो ओळखायचा कसा, हा प्रश्न आहे.

आणि इथे सालाकडे परत यावं लागतं. कायदा म्हणतो की खाजगी लायसन्सवाल्याने मित्रांना घेऊन जायला हरकत नाही, पेट्रोलचा खर्चही वाटून घ्या, पण पायलटने आपला वाटा भरलाच पाहिजे. पैसे कमवायचे नाहीत. भाडं घ्यायचं असेल तर ऑपरेटरचं प्रमाणपत्र, कमर्शियल पायलट, जास्त कडक देखभाल, वेळोवेळी तपासणी. (आपल्याकडेही भाड्याने विमान द्यायचं तर डीजीसीएचं नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट लागतं.) इबॉटसनला या फेरीचे पैसे मिळणार होते. म्हणजे भाडं पिवळ्या पाटीचं आणि बाकी सगळं पांढऱ्या पाटीचं. असा धंदा युरोपात बराच चालायचा, आणि फुटबॉल, घोड्यांच्या शर्यती या जगात सर्रास. एजंटला स्वस्त पडतं, प्रवाशाला वाटतं की आपण प्रायव्हेट जेटसारखं काहीतरी व्हीआयपी करतोय. दीड कोटी पौंडांच्या खेळाडूची मेडिकल टेस्ट करताना गुडघ्याचा एमआरआय काढला जातो, पण तो ज्यात बसतो त्या विमानाचे कागद कुणी बघत नाही. कार्डिफने नाही, नांतने नाही, एजंटने नाही. सालाने तर बघायचे कसे? त्याला काय माहीत, अंधारात पायलटच्या खिशात कुठलं रेटिंग आहे?

अपघाताची बातमी कळताच हेंडरसनने ओळखीच्या लोकांना मेसेज पाठवले की तोंड बंद ठेवा. ऑक्टोबर २०२१ मध्ये कार्डिफच्या कोर्टात ज्यूरीने त्याला विमानाची सुरक्षितता धोक्यात घातल्याबद्दल दोषी ठरवलं, आणि नोव्हेंबरमध्ये १८ महिन्यांची शिक्षा झाली. दोन्ही क्लबांचं भांडण मात्र वेगळ्याच विषयावर रंगलं: मेला तेव्हा तो कुणाचा खेळाडू होता? कारण त्यावर पैसे कुणी द्यायचे ते ठरणार होतं. फिफाने कार्डिफला साठ लाख युरोंचा पहिला हप्ता भरायला सांगितलं, कार्डिफ क्रीडा लवादाकडे गेलं, तिथेही ऑगस्ट २०२२ मध्ये हरलं. सालाचे वडील ओरासियो हे काही बघायला राहिले नाहीत. मुलानंतर तीन महिन्यांनी, एप्रिल २०१९ मध्ये, हृदयविकाराने गेले.

ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२५ पासून पिस्टन इंजिनच्या विमानात हौशी उड्डाणासाठी प्रवासी बसवायचे असतील तर आवाज देणारं कार्बन मोनॉक्साइडचं यंत्र बहुतेक विमानांत सक्तीचं झालं आहे. अपघातापासून सहा वर्षांनी.

रॉबर्टो क्लेमेंटेबद्दल लिहिलं नाही म्हणून बेसबॉलवाले कॉमेंटमध्ये ओरडतील, म्हणून आधीच सांगतो. ते डीसी-७ होतं, चार इंजिनांचं मालवाहू धूड, आणि तो १९७२च्या शेवटच्या दिवशी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघाला होता. विमान चार हजारांहून जास्त पौंडांनी जादा भरलेलं. त्या गोष्टीला एक अख्खा वीकेंड लागेल.